चिकूचा वास

डॉक्टर सावे बाईंनी आयच्या खालच्या हिरडीवर बोटाने जरासा दाब दिला आणि दाताच्या कडेने पिवळट पू वर आला. त्याच्यामागून रक्त. आणि मग तो वास. चंद्रभान दाराशी उभा होता, आयची कापडी पिशवी पोटाशी धरून. पालघरच्या त्या लहानशा दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा आणि स्पिरिटचा दर्प भरून राहिला होता, पण त्या सगळ्याला बाजूला सारून तो वास सरळ त्याच्यापाशी आला, बाजारातल्या गलक्यातून कुणी आपल्याच नावाने हाक मारावी तसा. गोडूस, जड, आंबायला लागलेला. फार पिकून काळ्या पडलेल्या चिकूचा. गेलं वर्षभर ज्या वासावरून त्याने आयला चोर ठरवलं होतं, तोच. बाईंनी कापसाने जागा टिपली, पुढच्या दाताशी बोट नेलं, पुन्हा दाब दिला. पुन्हा पू, पुन्हा तोच वास. चिकू कुठेच नव्हता. वास आयच्या हिरड्यांतून येत होता.

"बघा हो, असं सगळीकडे आहे," बाई म्हणाल्या. "आजी, किती दिवस सोसत होतात? घरात कुणाला बोलला नाहीत?"

आय बोलण्याच्या स्थितीत नव्हतीच. खुर्चीत मागे रेललेली, डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला, तोंड आ वासलेलं आणि डोळे घट्ट मिटलेले. तोंड उघडायला सांगितलं की आय डोळे मिटून घ्यायची. ही सवय तिला कुठे लागली ते त्या खोलीत मायलेकांनाच माहीत होतं. बाईंना वाटलं दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतोय. त्यांनी दिवा थोडा खाली ओढला. तरी आयने डोळे उघडले नाहीत.

"यांना मधुमेह आहे ना?"

"आहे. गोळ्या चालू आहेत. पण साखर खाली येतच नाही. बोईसरचे डॉक्टर म्हणतात, आता इंजेक्शन सुरू करावं लागेल."

"आणि पथ्य?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडात वर्षभर तयार होतं. पाळत नाही. चोरून खाते. बोईसरच्या डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, कारखान्यातल्या लोकांना, गावाहून, एडवणहून, भेटायला आलेल्या महादूकाकाला त्याने ते इतक्यांदा ऐकवलं होतं की ते आपोआप जिभेवर आलंसुद्धा. 'पा' एवढं अक्षर उच्चारून तो थांबला.

"पाळते," तो म्हणाला. आणि आयची मिटलेली पापणी हलल्यासारखी त्याला वाटली.

बाई हात धुता धुता बोलत राहिल्या. साखर वाढली की हिरड्यांना रोग लवकर धरतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण उलटंही असतं. तोंडात असा पू साठून राहिला की शरीर सारखं त्याच्याशी झगडत असतं, आणि मग साखर गोळीला जुमानत नाही. दोघं एकमेकांना धरून वाढतात. "मी काही पेशंटांत पाहिलंय," त्या म्हणाल्या. "हिरड्या खोलवर साफ केल्या, अगदीच गेलेले दात काढले, की दोन-तीन महिन्यांत साखर थोडी उतरते. सगळ्यांचीच उतरेल असं मी म्हणत नाही. गोळ्याही सुटणार नाहीत. पण करून बघायला हवं. शिवाय दुखतं म्हणून यांना भाकरी चावत नसेल. मऊ भात, पेज असंच खात असणार. हो ना आजी?"

भाकरी. मागच्या दिवाळीनंतर आयने भाकरी सोडली होती, आणि पानात भात वाढून घेताना तिला बघून तो बायकोला, वत्सलाला, म्हणाला होता, आता भातच गोड लागायला लागला हिला. आय ऐकत होती. तिने भात कालवला आणि मान खाली घालून खाल्ला होता.

"तुम्ही बाहेर बसा," बाई म्हणाल्या. "आज थोडंच करते. सूज उतरल्यावर बाकीचं."

बाहेरच्या बाकावर तो बसला. रस्त्यापलीकडे एक बाई ताडगोळे सोलत होती आणि आतून दातांवरचं किटण खरवडल्याचा बारीक आवाज येत होता, एखादं जुनं गंजलेलं भांडं कुणी सावकाश घासत बसावं तसा. त्याने दोन्ही तळव्यांनी नाक दाबून धरलं. या नाकाचा त्याला अभिमान होता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या रंगांच्या कारखान्यात तो असिस्टंट केमिस्ट होता आणि त्याचं खरं शिक्षण पदवीत नव्हतं, नाकात होतं असं सगळे म्हणत. कुठल्या व्हॉल्व्हला गळती लागलीय, कुठली बॅच जळायला आलीय, हे त्याला मीटरच्या आधी कळायचं. एकदा त्याने पाळी बदलताना नुसत्या वासावर सगळ्यांना बाहेर काढलं होतं आणि खरोखरच मागे पाइप फुटला होता. तेव्हापासून गोरखपूरकडचा एक ऑपरेटर त्याला बघितलं की म्हणायचा, "साब, आपका नाक नहीं है, मशीन है." संध्याकाळी गॅलरीत उभं राहून वाऱ्यावरून तो वत्सलाला सांगायचा, आज नाल्यात कुणी काय सोडलंय ते. हे नाक त्याला आयकडून आलं होतं. एडवणच्या किनाऱ्यावर होडी लागली की आय पाटीतला मासा उचलायची, त्याचा कल्ला वर करून नाकाशी न्यायची आणि सांगायची, कालचा, परवाचा, बर्फातला. तिच्याशी कुणी वाद घालत नसे. सफाळ्याच्या बाजारात ती वाटे लावून बसायची तेव्हा वरचा मासा आणि तळचा मासा सारखाच असायचा. गिऱ्हाईक उलथून बघायला लागलं की ती म्हणायची, "आनंदीच्या वाट्यात हात घालायचा नाय. नको तर घेऊ नकोस." लहानपणी तिच्या शेजारी पोत्यावर बसून तो हे ऐकायचा आणि त्याला फार मोठं वाटायचं.

पण ती एकदा खोटं बोलली होती. तेच सगळ्याच्या मुळाशी होतं, आणि बाकावर बसल्या बसल्या त्याने ते पुन्हा एकदा पुढे ओढून आणलं, आधाराला धरावं तसं. बाप गेल्यावर आणि साखरेचं दुखणं निघाल्यावर त्याने तिला बोईसरला आणलं. नारळी पौर्णिमेच्या दिवशी खाली राहणाऱ्या राऊत बाईंकडे तिने नारळाची वडी खाल्ली, आणि त्याने विचारलं तेव्हा नाही म्हणाली. नंतर राऊत बाईंच्याच तोंडून ते निघालं. आय ओशाळली. "सणाचा दिवस होता रे. एवढीशी खाल्ली," बोटाचं पेर दाखवून ती म्हणाली. एवढंच. एका वडीचा गुन्हा. पण पुढच्या तपासणीत साखर चढलेली निघाली आणि डॉक्टर हसून म्हणाले, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, लहान मुलांसारखं लक्ष ठेवावं लागतं. त्याने लक्ष ठेवायला सुरुवात केली.

आणि मग चिकू. राऊत बाईंच्या भावाची वाणगावजवळ वाडी होती. तिकडून टोपलीभर चिकू आले की त्या वर पाठवून द्यायच्या आणि वत्सला ते तांदळाच्या डब्यात पिकायला घालायची. त्या संध्याकाळी तो कामावरून दारात आला तेव्हा आय मोरीकडून येत होती, पदराने तोंड पुसत. ती जवळून गेली आणि त्याला तो वास आला. त्याने डबा उघडून पाहिला. चिकू किती होते ते त्याला माहीत नव्हतं, वत्सलालाही आठवत नव्हतं. पण मोजायची गरजच नव्हती. नाकाने सांगितलं होतं.

"आये, तोंड उघड."

"काय झालं?"

"उघड म्हणतो ना."

तिने तोंड उघडलं. तो वाकला. अगदी जवळ, जसा तो नमुन्याच्या बाटलीवर वाकायचा तसा, आणि त्याने वास घेतला. "चिकू," तो म्हणाला.

"मी नाय खाल्ला रे चंदर. तुझ्या बापाची शपथ."

"बापाला कशाला मधे आणतेस? वडीच्या वेळीही नाहीच म्हणाली होतीस."

दुसऱ्या दिवशी त्याने चिकू राऊत बाईंना परत केले. तरी वास येतच राहिला. याचा अर्थ कुणी उलगडून बघितलाच नाही, त्याने तर नाहीच. उलट त्याला वाटलं, आता ही बाहेरून आणून खाते. स्वयंपाकघरातल्या कपाटाला त्याने कुलूप लावलं. वत्सला म्हणाली, "हे बरं दिसत नाय हो. आय हाय ती." तो म्हणाला, "उद्या पाय कापायची वेळ आली तर तू सांभाळशील?" आणि त्याला स्वतःचा आवाज फार जबाबदार वाटला होता. रोज संध्याकाळी, बूट काढण्याआधी, तो तिच्यासमोर उभा राहायचा. तिला सांगावंही लागत नसे. त्याची पावलं जिन्यात वाजली की ती भिंतीशी येऊन उभी राहायची, डोळे मिटायची आणि तोंड उघडायची. ती अगोदर चुळा भरून येते हे त्याच्या लक्षात आलं, आणि तेही त्याने तिच्याच नावावर मांडलं. निर्दोष माणूस कशाला चुळा भरील? आता पालघरच्या बाकावर त्याला तो भिंतीचा तुकडा दिसत होता, हिरवट डिस्टेंपर, आयच्या अंबाड्याचं तेल लागून काळपटलेला, आणि त्याच्यासमोर डोळे मिटून उभी असलेली ती बाई, जिच्या वाट्यात हात घालायची सफाळ्याच्या बाजारात कुणाची छाती नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा गालात कापूस होता. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या वेळा ठरवल्या. एसटीच्या बसमध्ये खिडकीशी तिला बसवून तो शेजारी बसला. कापसामुळे तिला बोलता येत नव्हतं आणि त्याचं त्याला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीच लाज वाटली. आता बोलायला हवं होतं त्याने. आये, तो वास चिकूचा नव्हता. इतकं साधं वाक्य. पण शेजारी माणसं होती, बस खडखडत होती, आणि त्याला वाटलं, घरी गेल्यावर बोलू. खाडीवरून वारा आत आला तशी आयने मान फिरवून बाहेर पाहिलं. मिठागरं सरकत होती. तिच्या मांडीवर तिचा हात उताणा पडला होता, आणि तो हात धरावा असं त्याला इतकं वाटलं की त्याने स्वतःचे दोन्ही हात पिशवीखाली दाबून ठेवले.

घरी वत्सलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला सांगितलं होतं त्यांनी."

"काय?"

"थुंकीतून रक्त पडतं म्हणून. महिना झाला असेल. माझ्याकडून वचन घेतलं, चंदरला सांगायचं नाय. त्यांच्या भयणीला क्षय झालेला ना, ती रक्त थुंकून गेली. यांना वाटलं आपल्यालाबी तेच. सांगितलं तर तुमी घरात ठेवणार नाय. म्हणून चुळा भरायच्या, मोरीत रक्त दिसू नये म्हणून."

"मग तू मला का नाही बोललीस?"

वत्सलाने त्याच्याकडे पाहिलं. "तुमाला बोलायचं म्हणजे काय असतं ते तुमाला ठाऊक नाय," ती म्हणाली आणि भाताला आधण ठेवायला वळली.

म्हणजे काहीतरी लपवलं जात होतं, हे त्याने बरोबर हुंगलं होतं. आयच्या डोळ्यांतलं भय त्याला दिसलं होतं आणि त्या भयाला त्याने चोरी हे नाव दिलं होतं. आपण मरतो आहोत, असं समजून ती रोज भिंतीशी उभी राहत होती. आणि त्याने विचारलं असतं, काय होतंय आये, एवढंच, तर तिने कदाचित सांगितलं असतं. त्याने तोंड उघडायला सांगितलं, बोलायला नाही.

त्याला राऊत बाईंच्या नातवाचं बारसं आठवलं. ते आठवायचं त्याने टाळलं होतं, पण आता एकेक गोष्ट आपणहून येत होती, भरतीला किनाऱ्यावर काय काय येतं तशी. खाली मांडव, बायका बसलेल्या, आयने तिचं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं. कुणीतरी तिच्या हातात बशी दिली. घुगऱ्या आणि एक पेढा. ती घुगऱ्याच खात होती, आणि त्याही चिमटीने, एकेक, मागच्या दाढेने हळूहळू. पेढा तिने बशीच्या कडेला सारून ठेवला होता, बहुतेक वत्सलासाठी. तो पुरुषांतून उठून गेला आणि त्याने तिच्या हातातली बशी काढून घेतली. "हिला देऊ नका," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. "चोरून खाते ही." बायका हसल्या. वाईट हेतूने नव्हे. म्हाताऱ्या माणसाच्या खोडीला हसावं तशा. आयही हसली. तेच त्याला आता सहन होईना. तीही त्यांच्याबरोबर हसली होती, मोकळे झालेले हात मांडीवर ठेवून.

पुढचे आठवडे पालघरच्या फेऱ्यांत गेले. सुटी घेऊन तोच तिला न्यायचा. वत्सला जाते म्हणाली तरी त्याने ऐकलं नाही. सावे बाईंनी भूल देऊन हिरडीच्या आतपर्यंत साफ केलं, आज एक बाजू, पुढच्या खेपेला दुसरी. खालचे समोरचे दात इतके हलत होते की ते काढावेच लागले, आणि वरच्या दोन दाढाही. आयने कधी हूं की चूं केलं नाही. तिला क्षय नाही हे बाईंनी समजावून सांगितलं तेव्हा मात्र ती खुर्चीत बसल्या बसल्या रडली. "मी ठरवलं होतं," ती बोबड्या आवाजात म्हणाली, "पावसाळा संपला की एडवणला जाऊन मरायचं. इथं घान नको." चंद्रभान दाराशी उभा राहून ऐकत होता. घरी त्याने कपाटाचं कुलूप काढलं, किल्ली फेकून दिली, कडीसुद्धा उखडली आणि भोकांत पुट्टी भरली. आय ते बघत होती. पण त्यानंतरही मीठ लागलं तरी ती कपाट उघडत नसे. वत्सला मोरीत असली तर वत्सला येईपर्यंत पान पुढे घेऊन तशीच बसून राहायची.

संध्याकाळी जिन्यात त्याची पावलं वाजली की ती भिंतीशी उभी राहायची हेही काही दिवस चालूच होतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो दारातूनच मागे फिरला आणि खाली जाऊन नाक्यावर चहा पीत बसला. मग त्याने वत्सलाला सांगितलं, तिला सांग, आता नको म्हणून. वत्सला म्हणाली, "तुमीच सांगा." त्याने सांगितलं नाही. तो जिना चढताना मोठ्याने खोकायला लागला, आधी वत्सलाशी बोलायला लागला, आयकडे न बघता आत जायला लागला. हळूहळू तिचं उभं राहणं थांबलं. दोघांनीही ती गोष्ट कधी घडलीच नव्हती असं करून टाकलं.

तिसऱ्या महिन्यात बोईसरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. साखर उतरली होती. अगदी हवी तेवढी नाही, पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच उतरली होती, आणि इंजेक्शनचं आता थांबू या, असं डॉक्टर म्हणाले. ते खूश झाले. आयच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास आजी! आता पथ्य पाळायला लागलात म्हणायचं. बघा, मी सांगत होतो की नाही? तोंड आवरलं की सगळं आवरतं."

आयने चंद्रभानकडे पाहिलं. सरळ, डोळे उघडे ठेवून. त्या बघण्यात राग नव्हता. ती फक्त वाट बघत होती, आता हा सांगेल म्हणून. आणि त्याला सांगायचंच होतं. नाही डॉक्टर, पथ्य ती आधीपासून पाळत होती, तिच्या हिरड्यांत पू होता, तुम्हीही तिचं तोंड बघितलं नाहीत आणि मीही बघूनसुद्धा बघितलं नाही. वाक्य पुरं तयार होतं. बाहेर पेशंट खोळंबले होते. डॉक्टर मान वळवून पुढच्या माणसाला बोलावत होते. "हो," चंद्रभान म्हणाला. नुसतं हो. आयने नजर काढून घेतली, पदर सावरला आणि ती उठली. रिक्षात बसताना ती म्हणाली, "डाक्टर चांगला हाय."

त्याने तिला रिक्षात बसवून ठेवलं आणि तो परत आत गेला. आत दुसरा पेशंट होता, तरी त्याने उभ्या उभ्या सांगितलं. हिरड्यांचं, पालघरच्या बाईंचं, आणि आई खोटं बोलत नव्हती हेही. डॉक्टर स्टेथोस्कोप कानातून न काढताच म्हणाले, "असेल, असेल. तोंड स्वच्छ असलेलं चांगलंच." तो बाहेर आला. आय रिक्षात समोर बघत बसली होती. त्याने काय केलं ते तिला दिसलं नव्हतं. सांगावं तर, आधी का नाही बोललास, हा प्रश्न त्यातच होता. त्याने सांगितलं नाही.

पण त्या दिवशी जेवणानंतर, वत्सला मुद्दाम खाली राऊत बाईंकडे जाऊन बसली तेव्हा, तो आयच्या पायाशी जाऊन बसला. आय सुपात तांदूळ निवडत होती.

"आये, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"तू खाल्लं नव्हतंस. मी तुला चोर म्हणालो. सगळ्यांत."

तिने एक खडा निवडून बाजूला टाकला. "अरे, तू काय मुद्दाम केलंस का? माझ्याच भल्याला केलंस. पाय जाईल म्हणून भ्यालास. आय हाय मी, मला कळत नाय?" तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तांदळाची भुकटी त्याच्या केसांना लागली. "वडी तर खाल्लीच होती मी," ती म्हणाली आणि थोडी हसली, ओठ मिटूनच. त्याला वाटलं होतं, ती रडेल, बोलेल, एखादी शिवी देईल, आणि मग काहीतरी फिटेल. तिने काहीच मागितलं नाही. तो तिथेच बसून राहिला आणि त्याचं ओझं होतं तिथेच राहिलं. थोड्या वेळाने तिने सूप खाली ठेवलं. "चंदर, आता बरी हाय मी. एडवणला जाऊन राहते. महादूभावजी हायत, तानी हाय शेजारी. गोळ्या मी घेईन बराबर. दात घासायचं बाईंनी शिकवलंय, तेपन करीन." त्याने नको म्हटलं, पुन्हा म्हटलं, वत्सलाकडून म्हणवलं. आय प्रत्येक वेळी मान हलवायची, आणि तिची पिशवी भरलेलीच होती.

दर महिन्याला तो गोळ्या घेऊन एडवणला जायला लागला. सहा महिन्यांनी सावे बाईंनी पुन्हा तोंड तपासलं आणि म्हणाल्या, हिरड्या छान घट्ट झाल्या आहेत, वास नाही, सूज नाही, अशाच राहू द्या आजी. साखरही फार वर गेली नव्हती. सगळं ठीक होतं. तो हे कारखान्यात सांगायचा. सांगताना तो चिकूचं सांगत नसे.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी तो सफाळ्याहून टेम्पोने आला आणि घरी कुणी नाही म्हणून किनाऱ्याकडे गेला. बांबूंच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते, ओळीच्या ओळी, आणि त्यांच्या सावलीत बायका बसल्या होत्या. शेजारची तानी हातवारे करून काहीतरी सांगत होती. आय त्याच्याकडे बाजू करून बसली होती आणि हसत होती. खदखदून, मान मागे टाकून, समोरच्या दातांची रिकामी जागा अख्ख्या जगाला दाखवत. हसता हसता तिने तानीच्या मांडीवर चापट मारली, डोळे पुसले, पुन्हा हसली. ती अशी हसते हे त्याला आठवतच नव्हतं. तो काठ्यांच्या आड थांबला. तिला असंच बघत राहावं असं त्याला वाटलं. वारा समुद्रावरून येत होता, ओल्या मासळीचा, मिठाचा, आणि त्यात आणखी कसलाही वास नव्हता.

"आनंदी, तुझा पोरगा आला बघ," कुणीतरी म्हणालं.

आय वळली. तिचे डोळे आनंदाने भरून आले, खरोखर आले. त्यात काही लपवाछपवी नव्हती. आणि त्याच क्षणी तिचा हात वर गेला आणि पदराने तोंड झाकलं गेलं. बाकीच्यांच्या ते लक्षातही आलं नाही. तिच्याही आलं नसावं.

"कवा आलास? जेवलास का?" ती पदराआडून म्हणाली.

"जेवलो," तो म्हणाला. त्याने गोळ्यांची पुडी तानीकडे दिली आणि तो पुढे झाला नाही. वारा आपल्याकडून तिच्याकडे जाईल अशा बाजूला, बराच लांब, तो वाळूत बसला. तानीने पुन्हा गोष्ट सुरू केली. आयचा हात हळूहळू खाली आला आणि ती तानीकडे बघून हसली, दातांच्या फटी दाखवून. मग तिला काहीतरी आठवलं, ती त्याच्याकडे वळली, आणि पदर पुन्हा तोंडावर गेला.

"वत्सला बरी हाय ना रे?"